वर्साचं सोंग

पाथर्डीच्या वरच्या अंगाला, गर्भगिरीच्या डोंगरात, चिंचदरा नावाचं एक गाव आहे. घरं थोडी आणि दगड फार. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर कोयता. दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं आणि मागं म्हातारी माणसं, शेळ्या आणि दारांना कुलपं तेवढी राहतात. होळीला मात्र कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपलेला असो वा नसो, ज्याला जमेल तो माणूस गाव गाठतोच. कारण दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, चिंचदऱ्यात सोंगं निघतात.

मारुतीच्या पारापासून भैरोबाच्या देवळापर्यंत चढाची एकच वाट आहे. त्या वाटेनं आधी लाकडी मुखवट्याचा रावण जातो, मग वेताळ, मग घोंगडं पांघरलेलं अस्वल, मग मिशा असलेल्या गवळणी. हलगी आणि संबळ कान फोडत असतात, पोरं राख उधळत असतात. पण गाव थांबलेलं असतं ते सगळ्यात शेवटच्या सोंगासाठी. त्याला वर्साचं सोंग म्हणतात. गेल्या वर्षभरात गावातल्या ज्या कुणाची गंमत झाली असेल त्याची हुबेहूब नक्कल करायची. नाव घ्यायचं नाही, गावानं ओळखायचं. आणि ज्याचं सोंग निघेल त्यानं रागवायचं नाही. देवळापाशी पुढं होऊन सोंगाच्या हातात गुळाचा खडा ठेवायचा. ही तिथली रीत.

बरीच वर्षं हे सोंग भागवतकडे होतं.

भागवतला हा नाद लागला उसाच्या फडात. आईबापाबरोबर लहानपणापासून तोडीला जायचा. दिवसभराच्या मोळ्या वाहून माणसं कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर टेकली की हे पोरगं उठायचं आणि मुकादमासारखं चालून दाखवायचं. मुकादम चालताना कमरेवर हात ठेवायचा आणि दर थोड्या वेळानं लेंगा वर ओढायचा. भागवतनं नुसता लेंगा ओढला की थकलेल्या बायका पोट धरून हसायच्या. त्याची आई तर डोळ्यांना पदर लावायची. पुढं आई गेली, लग्न झालं, जया घरात आली, कोयता सुटला. भागवतनं जुना टेम्पो घेतला आणि कांदा, शेळ्या, मंडपाचं सामान, जे मिळेल ते वाहू लागला. पण माणसांच्या चालीवरचा डोळा काही सुटला नाही. कोण टाचेवर भार देतं, कोण खांदा पाडून चालतं, कोण घाई नसताना घाईत असतं, हे त्याला न बघताही दिसायचं. त्यानं सरपंचाचं सोंग काढलं, तलाठ्याचं काढलं, स्वतःच्या सासऱ्याचंही काढलं. लोक म्हणायचे, भागवतनं सोंग काढलं म्हणजे माणूस गावात मोजला गेला. सासऱ्यानं तर गुळाबरोबर टोपी दिली होती.

त्या वर्षी त्यानं श्रीमंततात्याचं सोंग काढायचं ठरवलं.

श्रीमंततात्या म्हणजे भागवतचा बांधाला बांध असलेला शेजारी. साठी ओलांडलेला, घरात बायको झुंबरकाकू, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला देवळात पखवाजावर बसणारा. गावात दारू पिऊन कुणी दिसला की तात्या त्याला थांबवून, त्याच्या बापाचं नाव घेऊन चार शब्द सुनावायचा. तरुणपणी भागवतलाही त्यानं पारावर सगळ्यांदेखत सुनावलं होतं. भागवतनं दारू सोडली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण ते सुनावणं कुठंतरी कुसळासारखं राहून गेलं होतं.

माघातल्या एका सकाळी तात्या बांधावरून चालला होता. भागवत टेम्पो पुसत होता. त्याच्या नजरेला आलं की तात्याचा डावा पाय पुरता उचलला जात नाही. अंगठा मातीला घासतो. डावा हात अंगाला धरून ठेवल्यासारखा, हलत नाही. थोडं पुढं गेल्यावर डावी चप्पल मागंच राहिली, आणि गंमत अशी की तात्याला ते कळलंच नाही. तो तसाच एका चपलेनं विहिरीपर्यंत गेला, मग थबकला, मागं वळून चपलेकडं असा बघत राहिला की जणू ती कुणी दुसऱ्यानं टाकली होती. भागवतला हसू आलं. नंतर दोन-तीनदा त्यानं तेच पाहिलं. एकदा देवळाच्या पायरीवर तात्याचा तोल गेला तेव्हा भागवतनंच त्याला दंडाला धरलं. तोंडाजवळ तोंड आलं. बुक्क्याचा आणि सुपारीचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

तरीही धुळवडीला भागवत तात्या होऊन निघाला तो दारू प्यालेला तात्या होऊन.

धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का, गळ्यात एरंडीच्या बियांची माळ, आणि पखवाजाच्या जागी पोटाला बांधलेला रिकामा तेलाचा डबा. डब्यावर थाप मारायची, झाकण काढून आतली बाटली तोंडाला लावायची, टोपीनं ओठ पुसायचे आणि पुढच्या माणसाला बोट रोखून दारूबंदीवर व्याख्यान द्यायचं. लोक खदखदत होते. आणि मग ती चाल. डावा अंगठा घासत, डावा हात छातीशी धरून तो चढ चढू लागला. चप्पल सुटली. तो तसाच पुढं गेला. मग थबकला, मागं वळला आणि चपलेकडं परक्यासारखा बघत राहिला. त्या बघण्यावर सबंध चिंचदरा कोसळला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हलगीवाल्या अजिनाथच्या हातातली काडी गळून पडली. दहा-वीस मोबाईल वर झाले.

श्रीमंततात्या देवळाच्या पायरीशी उभा होता. डबा आणि बाटली बघून तोही हसला. मोकळा हसला. मग चप्पल सुटलेली त्यानं पाहिली, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या डाव्या पायाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. भागवत सोंगात असूनही त्याला ते दिसलं, कारण माणसाचं असं काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. तात्याला आपण असे चालतो हे तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

रीतीप्रमाणे तात्यानं गुळाचा खडा दिला. उजव्या हातानं. डावा त्यानं पाठीमागं नेला होता.

त्यानंतर तात्या गावात दिसेनासा झाला. एकादशीला पखवाज दुसऱ्या कुणी वाजवला. लोक म्हणाले, म्हातारा रुसला, रीत मोडली. मग हळूच कुणीतरी म्हणालं, आग असल्याबिगर धूर निघतो व्हय? तात्या खरंच पीत असंल. तो व्हिडिओ तर पाथर्डीपर्यंत पोचला होता. बाजारात अनोळखी माणसं भागवतला थांबवून विचारत, "ते चपलाचं सोंग तुमचंच ना?" भागवत मान हलवायचा. आधी खुशीनं, मग नुसतीच.

जया एकदा भाकरी थापताना म्हणाली, "तात्यांच्या घराचं दार दिवसा बी लावलेलं असतंय. तुमी जाऊन या की."

"जाईन. राग उतरू दे."

"राग दिसत न्हाई मला. झुंबरकाकू पाणी न्यायला आल्ती तर डोळे सुजलेले हुते."

भागवत उठून टेम्पोकडं गेला. त्या दिवशी टेम्पोत काहीच काम नव्हतं, तरी तो बॉनेट उघडून उभा राहिला.

चैत्रातल्या एका भर दुपारी तात्याची मुलगी पंकजा धावत आली. ती पाथर्डीला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला आली होती. पायात काही नव्हतं.

"भागवतकाका, टेम्पो काढा. बाबा उठंनात. हाक मारली तर बघत्यात, बोलत न्हाईत."

तात्याला गोधडीवर घालून टेम्पोत ठेवलं. झुंबरकाकू त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली, पंकजा पुढं. घाट उतरताना मागच्या खिडकीतून काकूचं बोलणं ऐकू येत होतं. ती कुणाशी बोलत होती कोण जाणे, बहुतेक तात्याशीच.

"किती म्हनलं डाक्टरकडं चला. न्हाई म्हनायचं. म्हनायचं, बाहेर पडलो की लोक माझ्या पायाकडं बघत्यात. म्हनायचं, डाक्टर बी म्हनंल पिऊन आलाय. घरातल्या घरात भितीला धरून चालायचं, अन् मी बघितलं की खाली बसायचं."

भागवतनं गाडी आणखी जोरात सोडली. पंकजा समोर बघत होती. तिनं वाटभर त्याच्याकडं तोंड केलं नाही.

नगरच्या दवाखान्यात तात्याला आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तळव्याला काडी ओढली आणि बाहेर येऊन विचारलं, "हे कधीपासून?"

"बोलंनासं आजच झालं," काकू म्हणाली.

"एवढ्यातलं वाटत नाही. चालण्यात फरक होता का? एखादा पाय ओढत होते का? नीट आठवा. डोकं आपटलं होतं का कुठं?"

काकूला आठवेना. तिच्यासमोर तर तात्या चालतच नव्हता. तेव्हा पंकजानं मोबाईल काढला. तिनं तो व्हिडिओ लावून डॉक्टरीणबाईंसमोर धरला. हलगी वाजू लागली, खदखदणं ऐकू येऊ लागलं. बाकड्यांवरची माणसं मान वळवून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा पाहिला, पुन्हा पाहिला.

"हे पेशंट आहेत?"

"न्हाई," पंकजा म्हणाली. "ही बाबांची नक्कल हाय. आमच्या गावात करत्यात."

"कधीची?"

"धुळवडीची."

"नक्कल केली कुणी?"

भागवत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं झाला. "मी."

"असेच चालत होते ते? का तुम्ही हसवण्यासाठी वाढवून केलंत?"

"असंच. दारूचं तेवढं माझं. चाल त्यांची."

"मला चालून दाखवा."

भागवतला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण बाईंनी बोटानं बोळातली मोकळी जागा दाखवली. तो तिथं गेला. त्यानं डावा हात छातीशी धरला, डावा अंगठा फरशीला घासला आणि चालू लागला. इथं हलगी नव्हती. फरशीवर चपलेचा घासल्याचा आवाज तेवढा येत होता. बाकड्यावरचं एक पोर फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारली. बोळाच्या टोकाला झुंबरकाकू उभी होती. ती भागवतकडं बघत नव्हती, त्याच्या पायांकडं बघत होती. आणि बघता बघता तिनं पदर तोंडात कोंबला. तिचा नवरा कसा चालत होता हे ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

"कधीपासून बघताय हे?" बाईंनी विचारलं.

"माघापासून."

"म्हणजे धुळवडीच्या आधीपासून." बाईंनी कागदावर लिहून घेतलं. "मग घरी सांगितलं का नाही कुणाला?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांना फक्त माहिती हवी होती. उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या.

मशीनमध्ये डोक्याचा फोटो निघाला. कवटीच्या आत रक्त साकळून राहिलं होतं आणि ते मेंदूला एका बाजूनं दाबत होतं. मग काकूला आठवलं. संक्रांतीच्या सुमाराला तात्या कडब्याच्या गंजीवरून घसरून पडला होता, डोक्याला टेंगूळ आलं होतं, हळद लावली होती. डॉक्टरांनी सांगितलं, असं रक्त हळूहळू झिरपतं; चाल बिघडली तेव्हाच आणलं असतं तर सोपं होतं. त्याच दिवशी कवटीला भोक पाडून रक्त काढलं. तात्या वाचला. पण डाव्या हाताची बोटं पुरती उघडेनात, पाय जड राहिला आणि शब्द अडखळू लागले. पखवाज संपला.

तात्या घरी आल्यावर गावानं जे केलं त्याची भागवतला कल्पना नव्हती. त्याला वाटलं होतं लोक तोंडावर थुंकतील. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "भागवतचं सोंग नसतं तर डाक्टरला कळलं नसतं. भागवतनं तात्याचा जीव वाचवला." दळणाच्या गिरणीत, पारावर, एसटीच्या थांब्यावर हीच गोष्ट. पाथर्डीच्या कुणा पोरानं व्हिडिओखाली तसं लिहूनही टाकलं, आणि तो पुन्हा एकदा सगळीकडं फिरला. भागवतला वाटलं आपण कपडे काढून उभे आहोत आणि लोक आपल्या कपड्यांचं कौतुक करताहेत. खरं सांगायचं तर काही दिवस त्यानं ते कौतुक गपगुमान घेतलंही, आणि त्याचीच त्याला पुढं सगळ्यात जास्त शरम वाटली.

तो तात्याकडं गेला. तात्या ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. भागवत खाली बसला, पायाला हात लावायला वाकला. तात्यानं पाय आखडून घेतला. उजवा पटकन, डावा सावकाश.

"तात्या, चुकलं माझं."

तात्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता. तो थांबत थांबत बोलला, "मला दिसलं न्हाई. हिला दिसलं न्हाई. पोरीला न्हाई. तुला दिसलं." मग दम घेऊन म्हणाला, "मी पीत न्हाई, हे बी तुला ठाव हुतं."

"व्हय."

"मंग घरी यायचं. सांगायचं. एवढंच."

भागवत बसून राहिला. झुंबरकाकूनं चहा आणला नाही. तो उठला तेव्हा त्याला कुणी पुन्हा ये म्हटलं नाही.

भैरोबाच्या जत्रेच्या बैठकीत सरपंचांनी त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. भागवत टाळत होता, पण अजिनाथनं हाताला धरून ओढून नेलं. पारावर माणसं गच्च होती. सरपंच बोलले की आपल्या गावची परंपरा केवढी मोठी, सोंगानंही माणूस वाचतो. टाळ्या पडल्या. शाल खांद्यावर आली. भागवतनं ती काढून घडी केली आणि सरपंचांच्या हातात परत दिली.

"ही मला नगं," तो म्हणाला. त्याचा आवाज एरवी पारभर पुरायचा, तेव्हा पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेला नाही. कुणीतरी "मोठ्यानं!" म्हणून ओरडलं. "मला माघातच दिसलं हुतं तात्याला काईतरी झालंय म्हणून. मी त्यांना धरलं हुतं. वास न्हवता. ते प्यालेले न्हाईत हे मला ठाव हुतं. तरी मी बाटली घेतली. कारण बाटलीशिवाय लोक हसले नसते, नुसतं लंगडं माणूस दिसलं असतं. अन् तात्यानं मला मागं एकदा हितंच पारावर बोलल्यालं, ते बी मनात हुतं. जीव मी वाचवला न्हाई. माझ्यापाई ते घरात दडून बसले."

अजिनाथनं त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं, "बस खाली, येडा का काय." एक-दोघं उठून गेले. भागवतला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता गावाचंही हसणं त्यात आलं होतं, आणि ते कुणालाच नको होतं. आपणही चप्पल बघून कोसळलो होतो, हे प्रत्येकाला आठवलं असावं. त्यानंतर लोक त्याच्याशी नीट बोलत, पण तो समोरून येताना दिसला की त्यांची चाल बदले. बायका पदर सावरून पावलं आवळून टाकत. म्हातारी रंगुबाई तर तो पुढं जाईपर्यंत वाटेच्या कडेला उभीच राहायची. त्यानं तिला सांगितलं, "मावशी, चाला की, मी बघत न्हाई." ती म्हणाली, "जा बाबा तू आधी."

पावसाळा सरल्यावर पंकजा एकदा त्याच्या दारात आली. बसली नाही. म्हणाली, "काका, डॉक्टरांनी बाबांना रोज चालवायला सांगितलंय. सुधारतंय का न्हाई ते आमाला कळत न्हाई. रोज बघून आमचे डोळे सरावल्यात. तुमी येऊन सांगाल का?"

भागवतनं जयाकडं बघितलं. जया म्हणाली, "जावा."

तेव्हापासून दर सोमवारी तो तात्याच्या अंगणात कडेला उभा राहायचा. तात्या काठी घेऊन दारापासून गोठ्यापर्यंत चालायचा. तो भागवतशी बोलायचा नाही, त्याच्याकडं बघायचाही नाही. भागवत पंकजाला सांगायचा, "टाच टेकती आता. गुडघा अजून लॉक हुतो. वळताना उजवीकडून वळू द्या." पंकजा डॉक्टरांना फोनवर तसं कळवायची. एवढंच काम, आणि घरी आल्यावर तो जेवायचा नाही लवकर.

पुढच्या धुळवडीला वर्साचं सोंग दुसऱ्या कुणीतरी काढलं. भागवत जाणार नव्हता. पण हलगी सुरू झाली तशी जयाच म्हणाली, "घरात बसून काय व्हतंय? जा, मागं उभं ऱ्हावा." तो देवळापाशी जाऊन गर्दीच्या कडेला उभा राहिला. सोंग यंदा सरपंचांचं होतं, हातात शाल घेऊन जो दिसेल त्याच्या खांद्यावर टाकत सुटलेलं. लोक हसत होते. भागवतला हसू येत नव्हतं. तो त्या पोराच्या पायांकडं बघत होता आणि चाल कुठं चुकते ते त्याला दिसत होतं.

त्याच्या पाठीला काठीचं टोक लागलं. त्यानं वळून बघितलं. मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर श्रीमंततात्या बसला होता. टोपीवर राख, मान लांब करून तो वाटेकडं बघायची धडपड करत होता.

"बाजूला सर की," तात्या अडखळत म्हणाला. "दिसंना."

भागवत बाजूला सरला.